जर्मन क्राईम थ्रिलर अर्ध्यात न सोडता कसा वाचायचा

पाऊस लागला की इकडे गुहागर-दापोली पट्ट्यात संध्याकाळी लाईटचा भरवसा नाही, नेट तर लंगडतच असतं, त्यामुळे जाडजूड पुस्तक नाहीतर चार्ज केलेलं किंडल हाताशी असलेलं बरं. आणि पुस्तकच घ्यायचं तर जर्मन क्राईम घ्या असं मी सगळ्यांना सांगत असतो. मराठीत फारसं मिळत नाही, बहुतेक वेळा इंग्रजी अनुवादच हाती लागतो, पण चालतं.

ज्यांनी घेऊन मधेच सोडलाय त्यांची तक्रार ठरलेली, खून पहिल्या पाच पानांत होतो नि पुढची शंभर पानं सगळे नुसते कॉफी पीत बोलत बसतात. तक्रार बरोबर आहे. झुंजार आणि काळापहाड वाचून वाढलेल्या डोक्याला हे जड जाणारच. पण तुम्ही ‘कोणी केला’ एवढंच शोधत बसलात तर कंटाळा येणार, तिथे बऱ्याचदा मजा असते ती खून का झाला, कोणाकोणाला माहीत होतं आणि कोण गप्प बसलं यात. आणि हे आपल्याला कोणी शिकवायला नको हो, सामाईक जमिनीवरून काय झालं ते अख्ख्या भावकीला माहीत असतं, पोलीस विचारायला आले की मात्र सगळे त्या दिवशी नेमके चिपळूणला गेलेले असतात.

आता तिथला कारभार थोडा समजून घ्या, नाहीतर अर्धी भांडणं कळणारच नाहीत. तपासावर कायद्याने ताबा असतो सरकारी वकिलाचा, कमिसार, म्हणजे तपास करणारा पोलीस अधिकारी, आपला हिरो, त्या वकिलाला विचारून चालतो, म्हणजे चालायला हवं. पोलीस १६ राज्यांचे वेगवेगळे, आणि वर केंद्राचं बीकेए, म्हणजे केंद्राचे गुन्हे तपासणारे पोलीस, वीसबाडेन शहरात. वरून कोणी आला की लोकल माणसाचं तोंड का वाकडं होतं ते आपल्याला पटकन कळतं. पकडलेल्या माणसाला न्यायाधीशासमोर न्यायचं ते दुसरा दिवस संपायच्या आत, आपल्यासारखे २४ तास नाहीत, त्यामुळे मध्यरात्रीनंतर लगेच उचलला तर पोलिसांना जवळजवळ दोन दिवस मिळतात. अटकेची वेळ लिहिली असेल तर ती उगाच लिहिलेली नसते. ज्युरी नाही, खुनाच्या खटल्यात तीन न्यायाधीश आणि दोन साधे नागरिक बसतात, म्हणून कोर्टात टाळ्याखाऊ भाषणांची वाट बघू नका.

सगळ्यात कामाची गोष्ट ही. तिथल्या कायद्यात जीव घेण्याचे दोन मोठे प्रकार, ‘मोर्ड’ आणि ‘टोटश्लाग’. मोर्ड ठरायला काहीतरी खास लागतं, म्हणजे लोभ, क्रूरपणा, बेसावध माणसावर दगाफटका, दुसरा गुन्हा लपवायला केलेला खून, असं काही. तसं काही नसलं तर टोटश्लाग. मोर्डला जन्मठेप आणि तो कधीच मुदतबाह्य होत नाही, म्हणजे कितीही वर्षांनी खटला भरता येतो, ही मुदतच काढून टाकली १९७९ साली. टोटश्लाग मात्र साधारण २० वर्षांनी संपतो. आता विचार करा, तळघरात २५ वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला, मारणारा समोर बसलाय, कबूलही करतोय, तरी नुसता टोटश्लाग निघाला तर तो उठून घरी जाऊ शकतो. म्हणून तर मेलेला माणूस झोपेत होता की समोरासमोर भांडत होता, वार पाठीत होता की छातीत, यावर वीस-वीस पानं जातात. ती पानं उडवू नका, पुस्तकाचा जीव तिथेच असतो.

पेन्सिल जवळ ठेवा. पुस्तकात म्हातारा आला की त्याचं जन्मसाल काढायचं, हा माझा नियम. गोष्ट १९९० ची आणि म्हातारा ७० चा, म्हणजे जन्म १९२०, म्हणजे महायुद्धात हा १९ ते २५ वर्षांचा होता, तेव्हा कुठे होता ते विचारायचं. १९६१ ची बर्लिनची भिंत नि १९८९ ला तिचं पडणं, हेही असंच मार्जिनमध्ये लिहून ठेवा. माणसांची नावं पहिल्या पानापासून देवनागरीत लिहायची, डब्ल्यू म्हणजे व, व्ही म्हणजे बहुतेक वेळा फ, जे म्हणजे य, की मग मनातल्या मनात अडखळायला होत नाही. बातमीत कोणी ‘थॉमस के.’ असं अर्धवट नावाने आलं तर छपाईची चूक नाही, तिकडच्या पेपरांत संशयिताचं आडनाव बऱ्याचदा असंच झाकतात.

ॲलिबी तपासायला पण मजा येते. रविवारी सुपरमार्केटला गेलो होतो म्हणाला की कान टवकारा, तिथे रविवारी दुकानं कायद्यानेच बंद, पेट्रोल पंप आणि मोठी स्टेशनं वगळता. डिसेंबरात हॅम्बुर्गकडे दुपारी चारला अंधार पडतो, तेव्हा साडेचारला लांबून चेहरा ओळखला म्हणणाराही संशयित. आणि उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरचा क्राईम मिळाला तर आपण राजे. तिथे ओहोटीला पाणी कित्येक किलोमीटर मागे जातं, लोक चिखलातून चालत बेटावर जातात, कुक्सहाफेनहून नॉयवेर्क बेट असं साधारण दहा किलोमीटर आहे. मेलेला भरतीत सापडला की बुडून मेला की आधीच कोणी मारून तिथे टाकला, हाच प्रश्न. आपला तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब (तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ) तिकडे जसाच्या तसा लागणार नाही, प्रत्येक बंदराची वेळ निराळी, पण भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण येतं हे तिथेही तसंच. लेखकाने सोमवारी नि मंगळवारी भरती एकाच वेळेला दाखवली की समजायचं, गडी कधी समुद्रावर गेलेला नाही.

सुरुवात कुठून? फर्डिनांड फॉन शिराखचं ‘द कोलिनी केस’, बारीकसं आहे, लेखक स्वतः फौजदारी वकील. खुनी पहिल्याच प्रकरणात पोलिसांच्या ताब्यात येतो, फक्त का मारलं ते सांगत नाही. नेटवर काही शोधू नका याच्याबद्दल, सगळं फुटेल. गावाची गप्पगिरी हवी तर नेले नॉयहाउसचं ‘स्नो व्हाईट मस्ट डाय’, फ्रँकफर्टजवळच्या गावात दहा वर्षं तुरुंग भोगून पोरगा परत येतो आणि कोणालाच तो नकोय. ही मालिकेतली चौथी कादंबरी, इंग्रजीत मात्र आधी आली, त्यामुळे पोलिसांच्या घरगुती भानगडी मधूनच सुरू झाल्यासारख्या वाटतात, तिकडे दुर्लक्ष करा. फोल्कर कुचरची बर्लिनवाली मालिका मात्र क्रमानेच वाचायची, ती १९२९ पासून पुढे सरकते आणि शहर हळूहळू नाझींच्या हातात जाताना दिसतं. क्रम कळत नसेल तर पुस्तकाचं कॉपीराइटचं पान उघडा, मूळ जर्मन साल बारीक अक्षरात तिथे असतं.