झाकली मूठ मीटिंगमध्ये उघडायची कशी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीला 9 वर्षं झाली मला, आणि त्यातली पहिली 4 तरी मीटिंगमध्ये गप्प बसण्यात गेली. एकदा तर ड्रॉइंगची रिव्हिजन (म्हणजे आवृत्ती) जुनी आहे हे मला समोर दिसत होतं, पण वाटलं एवढी सिनियर माणसं बसलीत, त्यांना दिसलं असेलच की, आपणच काहीतरी चुकीचं वाचत असू. 400 नग स्क्रॅप गेले. आणि नंतर "मला दिसलं होतं" हेही बोलता येईना, कारण मग लगेच विचारणार, दिसलं होतं तर बोलली का नाहीस?

तर ज्यांचं असं होतं त्यांच्यासाठी लिहितेय. कॉन्फिडन्स वाढवायचे व्हिडिओ आधी बंद करा, मी खूप पाहिले, सकाळी आरशासमोर भारी वाटतं आणि 11 च्या मीटिंगला परत तेच.

आधी आपण नेमकं कुठे अडकतो ते पकडा. विषयच नीट येत नाही म्हणून गप्प बसत असाल तर ती शंका खरी आहे, अभ्यास करा, विषय संपला. साहेब खरंच सगळ्यांसमोर झापतात म्हणून बोलत नसाल तर दोष तुमचा नाही, तिथे मीटिंगच्या आधी एकट्यात किंवा मेलवर सांगायचं. पण येतंय, कोणी ओरडतही नाही, आणि तरी तोंड उघडत नाही, खरी गोची ही आहे.

व्हर्नियर, म्हणजे जॉबचं माप घ्यायची जबड्यांची पट्टी, वापरणाऱ्यांना कळेल. जबडे पूर्ण मिटवले तरी शून्य जुळत नसेल तर जॉब कितीही चांगला असू दे, प्रत्येक रीडिंग तेवढंच चुकतं, आणि आपण जॉबला शिव्या घालत बसतो. स्वतःला मोजताना आपलं हेच होतं. 1978 मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी यावर लिहिलं, डिग्र्या आहेत, कामात नाव आहे अशा बायकांनाही वाटायचं की आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस पकडले जाणार. त्यांनी याला इम्पोस्टर फिनॉमिनन म्हटलं, सिंड्रोम हा शब्द नंतर चिकटला, आणि तो चिकटल्यापासून जो तो स्वतःला पेशंट समजायला लागलाय असं माझं मत.

मग झिरो सेट कसा करायचा, तर वहीत. साधी 100 पानी वही. मीटिंगच्या आधी लिहायचं की मला काय बोलायचंय आणि बोलले तर काय होईल अशी भीती आहे, आणि संध्याकाळी लिहायचं खरं काय झालं. बोलला नसाल तर तेही लिहा, आणि तोच मुद्दा नंतर दुसऱ्या कोणी मांडला का तेही. माझ्या पहिल्या महिन्यात "सगळे हसतील" असं 11 वेळा लिहिलेलं आहे, हसलं कोणीच नाही, एकदा फक्त "परत सांगा, ऐकू आलं नाही" म्हणाले, मशीनचा आवाज होता.

लोकांचं आपल्याकडे तेवढं लक्षच नसतं हो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, 2000 मध्ये छापला गेला, मुलांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी तरी पाहिला असेल, प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनीच पाहिला होता.

दुसरं म्हणजे वाक्याची सुरुवात बदला. "माझं बहुतेक चुकत असेल पण" असं आपण म्हणतो ना, त्यात पुढचं ऐकू नका असं आपणच सांगून टाकतो. त्याऐवजी "मला एक चेक करायचंय, ही रिव्हिजन कोणती?" नम्रपणाही राहतो, मुद्दाही जातो. घरी लहानपणापासून मोठ्यांच्या मध्ये बोलू नको, झाकली मूठ सव्वा लाखाची हेच ऐकलेलं, ते एका दिवसात कसं जाणार. आणि इंग्लिशची भीती असेल तर (मी मराठी मीडियम, मला विचारा) नंबर बोला. "पॉइंट झिरो टू बाहेर आहे" (माप मर्यादेच्या तेवढं बाहेर) याला व्याकरण लागत नाही.

अप्रेझललाही हीच वही न्यायची. "सगळ्यांनी मिळून केलं" म्हणा जरूर, पण त्याच दमात "त्यात तपासणी माझी होती" हेही म्हणा, नाहीतर कागदावर तुमचं काहीच येत नाही.

पहिल्या 10 मिनिटांत एक प्रश्न विचारायचाच, मग पुढे सोपं जातं, उशीर केला की धडधड वाढत जाते. तो प्रश्न कंपनीच्या बसमध्येच ठरवून ठेवा, द्वारकेच्या सिग्नलला तेवढा वेळ आरामात मिळतो.