म्हादईकाठच्या पायवाटा: घाटापासून चोडणपर्यंत या चुका टाळा

म्हादई खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावते, सत्तरीत गोव्यात शिरते आणि खाली येता येता मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. वरच्या अंगाला 208 चौरस किलोमीटरचं म्हादई अभयारण्य आहे. खाली, चोडण बेटाच्या टोकाला, पावणेदोन चौरस किलोमीटरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. पुष्कळ जण शनिवारी वर सत्तरीत भटकतात आणि रविवारी रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जातात. पायात तेच बूट आणि डोक्यात तेच वेळापत्रक. गडबड तिथेच होते. वरचं पाणी पावसाचं ऐकतं आणि खालचं चंद्राचं.

"पाणी कुठे आहे? सगळा चिखलच तर आहे"

खालच्या टप्प्यात सगळ्यात जास्त लोक या एका वाक्यामुळे अडकतात. मीही अडकलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चोडणजवळच्या एका खाजनाच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून आम्ही तिघे चाललो होतो. ओहोटी होती, बाहेरच्या बाजूला राखाडी चिखल उघडा पडला होता आणि पन्नासेक पावलांवर बगळ्यांचा थवा बसला होता. फोटोसाठी आम्ही बांध सोडून खाली उतरलो. समोर नदीकडे आमचं नीट लक्ष होतं, तिथून पाणी पुढे सरकताना दिसलं नाही. पण खाडीचं पाणी समोरून येत नाही. ते आधी बारक्या ओहळांतून शिरतं, आणि ते ओहळ आमच्या पाठीमागे होते. पहिल्यांदा खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे यायला लागले, मग निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे बारके मासे, टणाटण उड्या मारत तिवराच्या मुळांवर चढल्या. वळून पाहिलं, तर मघाशी सहज ओलांडलेल्या घोटाभर ओहळाला मांडीएवढं पाणी होतं. बांध वीस पावलांवर दिसत होता आणि मधे तळ न लागणारा चिखल. अंग लोळवत बांध गाठला तेव्हा एक कॅमेरा आणि दोन बूट मागे राहिले होते.

तेव्हापासून माझा नियम आहे: निवटी वर चढायला लागली की आपणही बांधावर चढायचं.

मांडवीच्या मुखाशी उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटर असतो. मुंबईची चार-साडेचार मीटरची भरती पाहिलेल्याला हे किरकोळ वाटतं. पण खाजनाची जमीन ताटासारखी सपाट असते, तिथे हातभर पाणी चढलं तरी वाट गेली म्हणून समजा.

वेळ काढायचा कोकणातला जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास सुकती. पौर्णिमेला सव्वाअकरा. घरबसल्या बेत आखायला हा हिशोब चांगला, पण त्याच्यावर पाय टाकायचा नाही. पणजीची भरती मुंबईच्या सुमारे तासभर आधी येते, त्यामुळे मुंबईचं कोष्टक घेऊन आलेला इथे तासाने फसतो. शिवाय नदीत जसजसं वर जाल तसतशी भरती उशिरा पोचते, आणि ती पोचते थेट गांज्यापर्यंत, म्हणजे मुखापासून जवळजवळ 50 किलोमीटर आत. दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या नसतात, एक दुसरीपेक्षा बरीच चढते. म्हणून कोष्टक पणजीचं किंवा मुरगावचं घ्या आणि त्या दिवशीची मोठी भरती कोणती ते पाहा.

चिखलात पाय रुतलाच तर जोर लावून सरळ वर ओढू नका. एक पाय ओढताना सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तो आणखी खोल जातो. पाठीवरची पिशवी काढून समोर आडवी टाका, तिच्यावर छाती टेका आणि पाय हळूहळू गोल हलवत राहा, म्हणजे त्याच्या भोवती पाणी शिरतं आणि पकड सुटते. मग रांगत किंवा लोळत निघा. ओहळाच्या काठचा चिखल सगळ्यात मऊ असतो, तिकडे वळू नका. आधाराला हाताला येईल ती फांदी धरण्याचा मोह होतो, पण खारफुटीत गेवा नावाचं झाड असतं. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळे भयंकर सुजतात. गेलाच तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा.

"हे फाटक जरा उघडून बघू"

खाजनाच्या बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की दारं आपोआप बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं. माणसाचा हात न लागता चालणारी ही व्यवस्था शेकडो वर्षांची आहे, आणि तिच्यामुळेच आत भात पिकतं. दारात दगड अडकला किंवा कोणी ते उघडं ठेवलं, तर खारं पाणी शेतात शिरतं आणि ती जमीन पुढची काही वर्षं हातची जाते. म्हणून मानशीवर बसू नका, तिच्या तोंडाशी पोहायला तर अजिबात उतरू नका. दारं उघडतात तेव्हा तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. बांधाची कड ढासळलेली दिसली तर तिथून उडी मारून पुढे जाऊ नका, मागे फिरा. ती माती कोणीतरी हातांनी भरलेली असते.

"मगरी काय, गोड्या पाण्यात असतात"

मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, आणि तिथलं पाणी मचूळ आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी ओहोटीला त्या चिखलाच्या काठावर ऊन खात पडतात, आणि चिखलात पडलेली मगर चिखलासारखीच दिसते. झुआरी-कुंभारजुवे भागातल्या काही गावांत पौष अमावास्येला खाजनात मातीची मगर करून तिची पूजा करतात. ज्यांना रोज त्याच पाण्याच्या काठी काम करायचं आहे त्यांनी तिच्याशी जमवून घेतलं आहे. आपण पाहुणे आहोत. पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, आणि कुठे बसावं हे जाळं टाकणाऱ्याला विचारायचं.

"ऊन पडलंय, चला धबधब्याला"

आता वरच्या टप्प्याकडे. वाळपईत ऊन असतं आणि त्याच वेळी घाटमाथ्यावर, चोर्ला-खानापूरच्या अंगाला, पाऊस कोसळत असतो. ते पाणी तासा-दोन तासांत खाली येतं. पाणी एकाएकी मातकट झालं, वाळलेली पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, ओढ्याचा आवाज जड झाला, यातलं एक जरी जाणवलं तरी सामान आवरत बसू नका, हातात असेल ते घेऊन वर चढा. वाट पलीकडच्या काठाला राहिली असेल तर बसून राहा. घाटातले लहान ओढे पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतात. दोर लावून ओलांडायचा हट्ट सरावाच्या माणसांच्याही अंगाशी आलेला आहे.

2023 च्या जुलैत नेत्रावळीच्या रानात मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. असे नियम बदलत राहतात. मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका, आदल्या दिवशी वनखात्याच्या कार्यालयात विचारा आणि गावातला वाटाड्या घ्या. रुळावरून चालत दूधसागर गाठण्याचा बेत तर मनातूनच काढा. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायलाही पुरेशी जागा नसते.

पावसाळ्यात छातीच्या उंचीवरच्या फांद्यांकडे बघत चाला. चापडा हा विषारी साप तिथेच वेटोळं घालून तासन् तास बसलेला असतो. दवाखान्यात मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे, चापड्यासाठी नाही. तरी दवाखान्यात जायचंच, कारण उपचार लक्षणांवर होतात. आवळून बांधणं, चिरा देणं, यातलं काहीही करू नका.

"जळवा गेल्या, आता उन्हाळ्यात काही भीती नाही"

ही चूक घरी गेल्यावर कळते. डिसेंबर ते मे हा गोचिडांचा हंगाम, आणि त्यांच्यामार्फत माकडताप पसरतो. हा रोग 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात पहिल्यांदा ओळखला गेला. गेल्या दहाएक वर्षांत तो सत्तरीत आणि शेजारच्या दोडामार्ग तालुक्यातही आढळला आहे. वाळक्या पाचोळ्यावर बसणं-लोळणं टाळा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजार मोज्यांत खोचा. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, गावच्या आरोग्य केंद्राला कळवा. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काख, जांघ, कानामागे नीट तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, चिरडू नका.

आणि तीन ते आठ दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तर पुण्या-मुंबईतल्या डॉक्टरांना ते साधा व्हायरल किंवा डेंगी वाटू शकतं. आपण कोणत्या तारखेला सत्तरीतल्या कोणत्या गावाच्या रानात होतो, हे त्यांना आपणहून सांगा.