समुद्राकाठच्या गावात टुरिझम सुरू करायचंय? आधी आकडा ठरवा, खोल्या नंतर बांधा

सुट्ट्यांमध्ये लोक यायला लागलेत, गावातल्या दोघातिघांनी घरातली एखादी खोली भाड्यानं द्यायला सुरुवात केलीये आणि आता बाकीचेही म्हणतायत की आपणपण काहीतरी करूया, अशी वेळ तुमच्या गावावर आली असेल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. कारण जे काही ठरवायचं ते याच टप्प्यावर ठरवता येतं. एकदा वीस-पंचवीस घरांनी कर्ज काढून खोल्या बांधल्या की मग "जरा कमी लोक येऊ देत" हे तोंडातून काढायची सोय राहत नाही, सगळ्यांच्याच डोक्यावर हप्ता असतो.

माझं म्हणणं एकच आहे. लोगो, फोटो, इन्स्टाग्रामचं पेज, ऑनलाइन बुकिंग हे सगळं मागाहून. पहिल्यांदा गावानं एकत्र बसून ठरवायचं की एका रात्री गावात जास्तीत जास्त किती पाहुणे राहू शकतात. आणि हा आकडा खोल्या मोजून येत नाही, तो विहिरीतून येतो.

आकडा न ठरवता धंदा वाढवला की काय होतं याची दोन उदाहरणं सगळ्यांना माहीत असायला हवीत. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट सरकारनं २०१८ च्या एप्रिलपासून सहा महिने टुरिस्टांसाठी बंद ठेवलं, कारण कित्येक हॉटेलांचं सांडपाणी प्रक्रिया न करताच समुद्रात जात होतं. उघडलं तेव्हा एका वेळी १९,२१५ टुरिस्ट अशी मर्यादा घालूनच उघडलं. म्हणजे आकडा शेवटी काढावाच लागला, पण मधले सहा महिने तिथल्या हातावर पोट असलेल्यांनी काय केलं असेल याचा विचार करा. दुसरं थायलंडचं माया बे, एका बेटावरची छोटी खाडी. जून २०१८ मध्ये बंद झालं ते २०२२ च्या जानेवारीत उघडलं, होड्यांचे नांगर आणि गर्दी यांनी तिथलं प्रवाळ मोडून टाकलं होतं. बंद असताना तिथं शार्क परत दिसायला लागले, आणि आता होड्यांना खाडीत शिरूच देत नाहीत, बेटाच्या मागच्या बाजूला उतरायचं आणि चालत यायचं.

विहिरीपासून सुरुवात

किनाऱ्याजवळ जमिनीखाली जे गोडं पाणी असतं ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. भूजलशास्त्रात याचा एक ढोबळ नियम आहे, गायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावानं ओळखतात. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर समुद्रसपाटीच्या खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकून राहतं. हे ऐकायला छान वाटतं पण उलटं करून बघा, उपशामुळे पातळी कायमची अर्धा मीटर जरी उतरली तरी खालून खारं पाणी हळूहळू वीस मीटर वर सरकू शकतं. आणि मोठा पंप लावून एकदम उपसा केला की बरोबर विहिरीच्या खालीच खारं पाणी शंकूसारखं वर ओढलं जातं.

मी अशी एक विहीर बघितलीये. किनाऱ्यालगतच्या एका घरानं चार खोल्या काढल्या, वर मोठी टाकी, प्रत्येक बाथरूमला शॉवर, आणि टाकी भरायला सकाळी दोन तास जोरदार पंप. दुसऱ्या उन्हाळ्यात साबणाला फेस यायचा बंद झाला, तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी मचूळ लागायला लागलं. शेजारच्या मावशींनी मला त्यांच्या विहिरीतून बादली ओढून ओंजळभर पाणी चाखायला दिलं, तेही तसंच. त्यांची एकही खोली भाड्यानं नव्हती, त्यांना टुरिझमचा एक पैसा मिळाला नव्हता, आणि विहीर मात्र त्यांचीही गेली होती. तेव्हापासून मी कुठल्याही गावात आधी पाण्याबद्दल विचारतो, बाकीचं सगळं नंतर.

तर करायचं काय? एक साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) घ्या, गावातल्या चार-पाच विहिरी निवडा (एक-दोन अगदी पुळणीला लागून, बाकी आतल्या), आणि दर आठवड्याला ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी पाण्याची खोली आणि मीटरचं रीडिंग वहीत लिहा. भरती-ओहोटीचा थोडा फरक पडतो म्हणून भरती होती की ओहोटी तेही लिहायचं. वर्षभर लिहिलंत की सगळ्यात कोरड्या महिन्यात विहिरी किती पाणी देतात आणि कितव्या दिवसापासून रीडिंग चढायला लागतं हे तुमच्या समोर असेल. मग गणित सोपं आहे. समजा कोरड्या महिन्यात सगळ्या विहिरी मिळून रोज २०,००० लिटर न बिघडता देतात, गावात १५० माणसं आहेत आणि माणशी १०० लिटर धरलं तर १५,००० गावालाच लागले, उरले ५,०००. पाहुणा घरच्या माणसापेक्षा जास्त पाणी वापरतो, चादरी-टॉवेल धुणं आलं, म्हणून त्याचे २०० धरा. आले २५ पाहुणे. खोल्या पन्नास असल्या तरी पंचवीसच. पावसाचं पाणी छपरावरून टाकीत साठवलंत, मोठ्या पंपाऐवजी छोटा पंप थांबून थांबून चालवलात, तर आकडा वाढवता येईल, पण आधी रीडिंग सुधारलेलं दिसू दे आणि मग वाढवा.

दिवसभरासाठी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांचा आकडा वेगळा काढावा लागतो, त्यांच्यासाठी पार्किंग आणि टॉयलेट किती आहेत हेच माप धरा. पार्किंग वाढवलं की गर्दी वाढते हे लक्षात ठेवून पार्किंग मुद्दाम मर्यादित आणि किनाऱ्यापासून लांब ठेवा.

संडासाचं पाणी

ज्या वाळूतून विहिरीला पाणी येतं त्याच वाळूत शोषखड्डा खणला तर काय होणार हे सांगायला नको. वाळूतून पाणी भराभर झिरपतं, गाळलं जायला वेळच मिळत नाही. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजल पातळीच्या वर राहायला पाहिजे, विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला. दहा घरांनी दहा टाक्या बांधण्यापेक्षा सगळ्यांचं पाणी एकत्र आणून सेप्टिक टँकनंतर दगड-खडीच्या वाफ्यात कर्दळ, बोरू अशी झाडं लावून त्यातून सोडलं तर काम चांगलं होतं आणि विजेचा खर्चही जवळपास नसतो. फक्त टँकमधला गाळ वेळच्या वेळी उपसून नेणारा माणूस ठरलेला पाहिजे. नुसतं समुद्रात सोडलं तर शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतं. आणि ज्या पाण्यात डुंबायला पाहुणे आलेत तेच पाणी घाण.

पुळण जशी आहे तशी राहू द्या

वाळूवर पसरणारी ती जांभळ्या फुलांची वेल असते ना, तिला आपण मर्यादवेल म्हणतो, उष्ण प्रदेशातल्या जवळजवळ सगळ्या किनाऱ्यांवर ती सापडते. इतकं नेमकं नाव क्वचितच एखाद्या झाडाला मिळालं असेल. तिच्या मुळांनी आणि खोडांनी वाळू धरून ठेवलेली असते, म्हणून वाऱ्यानं वाळू उडत नाही आणि उधाणाला पुळण एकदम कापली जात नाही. टुरिझम आलं की सगळ्यात आधी हीच जाते, गाड्या वाळूत उतरतात, खुर्च्या मांडायला जागा "साफ" केली जाते. तर गाडी वाळूत उतरू द्यायची नाही, यात कसलीही सवलत नाही. समुद्राकडे जायला एकच वाट ठेवा, जमलं तर लाकडी फळ्यांची जरा उंच, बाकी पट्टा वेलीसाठी सोडा. कचरा हातानं वेचा, मशीननं वाळू खरवडू नका, भरतीरेषेवरचं वाळलेलं समुद्रशेवाळ तिथंच राहू दे, ते कचरा नाही. सिगारेटची थोटकं मात्र एकेक वेचा, त्यातला फिल्टर म्हणजे प्लास्टिकच असतं.

तुमच्याकडे कासवं अंडी घालायला येत असतील तर लाइटचा विचार आत्ताच करा. पिल्लं वाळूतून वर येतात ती शक्यतो रात्री, आणि ज्या बाजूला जास्त उजेड त्या बाजूला धावतात, कारण अंधाऱ्या किनाऱ्यावर उजळ बाजू समुद्राचीच असते. व्हरांड्यातला एक पांढरा एलईडी ती दिशा फिरवतो. चार-पाच सेंटिमीटरचं पिल्लू, रात्रभर वाळूत वळवळत उलटं जमिनीकडे जातं आणि सकाळी कुंपणाजवळ वाळून पडलेलं सापडतं. समुद्राच्या बाजूचे दिवे बंद, जे लागतीलच ते खाली झाकलेले आणि पिवळट-लालसर, एवढं केलं तरी खूप फरक पडतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं उदाहरण बघा, तिथं २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांबरोबर कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं आणि पुढे पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणारे लोक गावातल्याच घरांत राहायला लागले. आधी कासव वाचलं, पाहुणे त्याच्यामागून आले.

समुद्रात काय

होड्यांनी प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, कायमच्या बोयी (तळाशी पक्के बांधलेले तरंगते गोळे) बांधून घ्या आणि तिथंच होडी बांधा. गोट्यासारखं भरीव वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर वाढतं, एका नांगरानं मोडलेलं तुमच्या नातवंडांनासुद्धा भरून आलेलं दिसेल याची खात्री नाही. सनस्क्रीनबद्दल पाहुण्यांना बुकिंगच्या वेळीच सांगा, पलाऊ देशानं तर प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर १ जानेवारी २०२० पासून बंदीच घातलीये.

आणि थोडा भाग मासेमारीला पूर्ण बंद ठेवता येतो का, यावर मच्छीमारांशी बोला, पण जागा त्यांनीच निवडली पाहिजे, बाहेरच्यानं नकाशावर रेघ मारून चालत नाही. मेक्सिकोतल्या काबो पुल्मोमध्ये मच्छीमार कुटुंबांनीच पुढाकार घेतला, १९९५ मध्ये सागरी उद्यान झालं, आणि १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथं माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं असं मोजणीत दिसलं. आता तीच कुटुंबं डायव्हिंगला लोक नेतात.

पैसे कुठे जातात ते बघा

गाव इथं फुटतं, म्हणून इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. रस्त्याला लागून घर आहे त्याला रोज पाहुणे आणि आतल्या आळीत राहतो त्याला वर्षाला दोन, असं झालं की दोन सीझनमध्ये बोलणी बंद होतात. उपाय म्हणजे पाळी. गावाचा एकच बुकिंग नंबर, घरांची यादी, पुढचा पाहुणा यादीतल्या पुढच्या घराला. एखाद्या पाहुण्याला ठरावीक घरच हवं असेल तर जाऊ द्या, पण त्या घराची पुढची पाळी गेली असं धरा. प्रत्येक बुकिंगमधला ठरलेला हिस्सा गावाच्या गल्ल्यात, आणि तो कशावर खर्च होणार हे आधीच ठरवलेलं: पाणी, कचरा, संडासाचा गाळ, बोयी. महिन्याचा हिशेब सगळे येता-जाता वाचतील अशा फळ्यावर.

ज्यांच्याकडे द्यायला खोलीच नाही त्यांचं काय, हा प्रश्न पहिल्याच मीटिंगमध्ये घ्या. होडी, वाटाड्या, धुणं, कचरा, रात्रीची राखण ही कामं आधी त्यांना. आणि होमस्टेचं बहुतेक काम घरातल्या बाया करतात, पहाटे उठण्यापासून भांडी घासेपर्यंत, तर पैसेही त्यांच्याच खात्यात जायला हवेत, नवऱ्याच्या नाही. हे लेखी ठरवा.

नियम मोडणाऱ्याला पहिल्याच वेळी मोठा दंड लावू नका. एलिनॉर ऑस्ट्रॉम, ज्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी जगभरातली सामाईक पाणी-कुरणं-मासेमारी अभ्यासली आणि त्यांना दिसलं की जिथं ती टिकली तिथं बहुतेक ठिकाणी नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते, राखण त्यांचीच होती आणि शिक्षा पायरीपायरीनं वाढणारी होती. म्हणजे पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा एक पाळी रद्द, तिसऱ्यांदा सीझनभर यादीतून बाहेर.

जमिनीचं तर अगदी कळकळीनं सांगतो. धंदा दिसायला लागला की बाहेरचा माणूस येऊन समुद्राला लागून असलेला तुकडा चांगल्या भावात मागतो, घरात लग्न असतं, आजारपण असतं, माणूस विकून मोकळा होतो. वर्षभरात तिथं कुंपण येतं आणि मग कळतं की जाळी वाळवायची जागा ती होती, होडी ओढायची वाट तिथूनच होती, कागदावर कधी कुणी लिहिलंच नव्हतं. म्हणून पहिला पाहुणा यायच्या आधी गावाच्या नकाशावर होड्यांची जागा, जाळ्यांची जागा, समुद्राकडच्या सगळ्या पायवाटा काढून घ्या, सभेत ठराव करा आणि जिथं नोंद होते तिथं नोंद करून घ्या. जमीन द्यायचीच वेळ आली तर विकण्याऐवजी मुदतीच्या भाड्यानं. बांधकाम किनाऱ्यापासून किती लांब हवं याचे कायदे बहुतेक देशांत आहेत, भारतात सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) २०१९ ची अधिसूचना आहे, तेही बांधायच्या आधीच तपासा.

होड्या मात्र विकू नका. २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा एकही पाहुणा आला नाही, पण समुद्र होता. ज्या घरात जाळं शिल्लक होतं त्या घरात निदान चूल पेटत होती. पाहुण्यांचं उत्पन्न घराच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जायला लागलं की मीटिंग बोलवा.

सुरुवात करायला परवानगी, निधी, प्रोजेक्ट रिपोर्ट काही लागत नाही. एक दोनशे पानी वही, एक टीडीएस मीटर, आणि शाळेत जाणारी दोन पोरं ज्यांना हे काम आवडेल. त्यांना विहिरींची नावं लिहून द्या आणि येत्या रविवारी सकाळी पहिलं रीडिंग घ्यायला लावा.