कॉम्प्युटरला हवा मारताय? या चुका टाळा

इचलकरंजीत यंत्रमागांच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इथल्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं की हीटसिंकवर (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) घोंगडीच्या तुकड्यासारखा थर बसलेला असतो. कापसाचे तंतू, सायझिंगच्या, म्हणजे सुताला लावायच्या खळीची भुकटी आणि मागाच्या तेलाचा ओशटपणा, सगळं एकत्र. ते काढायला हवा लागतेच. पण कुठली हवा, किती आणि कशी मारायची, यात लोक वर्षानुवर्षं त्याच त्या चुका करतात आणि मग मशीन माझ्या टेबलावर येतं.

पंक्चरच्या दुकानातली हवा

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

जुलै महिना होता. ओळखीच्या एका सूत व्यापाऱ्यांचा मुलगा स्कूटरवर कॅबिनेट घेऊन आला. "काका, चालूच होईना. काल टायरवाल्याकडे हवा मारून आणलाय, एकदम स्वच्छ केलाय बघा की." बाजूचा पत्रा काढला. धूळ खरंच नव्हती. पण रॅमच्या खाचेशेजारी पिवळट पाण्याचा ओघळ होता, ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटमध्ये एक थेंब अजून तसाच होता आणि बोटाला तेल लागत होतं. दुकानातून आणल्या आणल्या त्यांनी वायर जोडून बटण दाबलं होतं. मदरबोर्ड गेला, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) गेला. हार्ड डिस्क वाचली म्हणून हिशेब वाचले. 20 तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं होतं, त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून रात्री साडेदहाला त्यांचं काम पुरं करून दिलं.

टायरवाल्याची यात काही चूक नाही. त्याची हवा टायरसाठी असते. पावसाळ्यात 30 अंशाला, 85 टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत साधारण 26 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. कॉम्प्रेसर अशी 9 घनमीटर हवा दाबून एका घनमीटरात बसवतो. म्हणजे पाणी झालं सव्वादोनशे ग्रॅमच्या वर, आणि टाकी थंड झाली की तेवढ्या जागेतल्या हवेत वाफ मावते जेमतेम 30 ग्रॅम. उरलेलं पेलाभर पाणी टाकीच्या तळाला आणि नळीत साठतं. खालचा ड्रेन कॉक उघडून ते रोज सोडावं लागतं, आणि ते रोज कोण सोडतं? शिवाय तेलावर चालणाऱ्या पिस्टनच्या कॉम्प्रेसरमधून तेलाचा फवाराही थोडा येतोच. त्या ओशट बोर्डावर पुढची धूळ आणखी लवकर चिकटते.

दुकानासाठी कॉम्प्रेसर घ्यायचाच असेल, म्हणजे दिवसाला सात-आठ मशीन येत असतील, तर ऑइल-फ्री घ्या. पण ऑइल-फ्री म्हणजे कोरडी हवा नव्हे, इथे बरेच नवे दुरुस्तीवाले फसतात. पाणी त्यातही साठतं. दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर हवा, पाणी अडवणारा फिल्टर हवा, आणि तो फिल्टर टाकीला चिकटून लावू नका. तिथे हवा गरम असते, पाणी वाफ बनून त्यातून निघून जातं आणि पुढे नळीत थंड होऊन गोळा होतं. मी तो नळीच्या दुसऱ्या टोकाला, गनच्या जवळ लावलाय. दाब 30 ते 40 पीएसआय ठेवतो. टायरवाल्याच्या टाकीत शंभर-सव्वाशे असतो. आणि पहिला झोत नेहमी माझ्या तळहातावर मारून बघतो. तळहात ओला लागला तर गन खाली ठेवायची, टाकी रिकामी करायची. पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

पाणी आत गेलंच असेल तर चालू करून बघू नका. वायर काढा, मदरबोर्डवरचा सेल काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण दिवस पंख्याखाली ठेवा. "तासाभरात देता का" असं विचारणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो.

पंखा न धरता हवा मारणं

हवेच्या झोतात पंखा भिरभिर फिरताना बघायला लोकांना आवडतं. आवाज चढत जातो, धूळ उडते, काम झाल्यासारखं वाटतं. कॅबिनेटचा 120 मिलिमीटरचा पंखा मिनिटाला साधारण 1200 ते 2000 फेऱ्यांसाठी बनवलेला असतो. झोतात तो त्याच्या कितीतरी पुढे जातो, बेअरिंग घासतं आणि महिन्याभरात घरघर सुरू होते. हवेने फिरवलेली मोटर वीज तयार करते आणि तिने बोर्ड जळतो की नाही, यावर दुरुस्तीवाल्यांत वाद आहे. तो वाद बाजूला ठेवा. घरघरणारे पंखे माझ्याकडे रोज येतात, मला तेवढं पुरेसं आहे. पात्यांमध्ये आइस्क्रीमची लाकडी काडी अडकवा किंवा बोटाने धरा. मी डाव्या हाताचं बोट ठेवतो आणि एकेक पातं रंगाच्या मऊ ब्रशने पुसून घेतो.

बाकीच्या चुका

घरच्या एक-दोन कॉम्प्युटरसाठी कॉम्प्रेसर घेऊच नका. 500 ते 650 वॉटचा हातातला ब्लोअर पुरतो. त्यात दाब कमी आणि हवा भरपूर, आणि कॉम्प्युटरला तेच हवं. नुसता वॉटचा आकडा बघून घेऊ नका, वेग कमी-जास्त करायची सोय आणि रबरी नोजल आधी बघा. ब्लोअर आधी बाहेर दहा सेकंद चालवा, त्याच्या पोटातली जुनी धूळ निघून जाते. मग एक वीत अंतर ठेवून मारा.

धूळ उडवायचा गॅसचा डबा तिरका किंवा उलटा धरू नका, त्यातून थंडगार द्रव बाहेर येतो. त्यातला गॅस बहुधा पेट घेणारा असतो, आणि ब्लोअरच्या मोटरमधल्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतात. दोन्ही एकत्र वापरू नका.

घरच्या व्हॅक्यूम क्लिनरचं प्लॅस्टिकचं तोंड बोर्डाला टेकवू नका, त्यावर स्थिर वीज साठते.

एसएमपीएस उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज राहतो. जाळीतून बाहेरूनच हवा मारा.

लॅपटॉपला बाहेरून झोत मारला तर पंखा आणि हीटसिंकच्या मधला धुळीचा थर सुटत नाही, मागे सरकून पंख्यातच अडकतो. मागचं झाकण उघडावंच लागतं.

लेझर प्रिंटरचा सांडलेला टोनर हवेने उडवू नका. पूड इतकी बारीक असते की खोलीभर पसरते आणि छातीत जाते. कोरड्या कापडाने टिपून घ्या.

आणि आमच्याकडच्या कापसाच्या थराला नुसती हवा मारून काही होत नाही. तो आधी चिमट्याने कडेपासून उचलायचा. सवय झाली की अख्खा थर एका तुकड्यात सुटून हातात येतो. मग ब्रश, आणि सगळ्यात शेवटी हवा.