शाकारणीआधी रंग नको : जुनी मोटर-यॉट स्वतः दुरुस्त करताना

अमेरिकेतल्या सिअॅटलच्या लेक युनियन तळ्यात गेली सहा वर्षे आमची 36 फुटी मोटर-यॉट उभी असते. ती 1970च्या दशकात हाँगकाँगमध्ये बांधली गेली; तिचा सांगाडा फायबरग्लासचा, डेक सागवानी पट्ट्यांचा आणि पोटात एकच डिझेल इंजिन आहे. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला असल्याने ती घेतली तेव्हा पाना कोणत्या बाजूला फिरवायचा यापलीकडे मला फारसे येत नव्हते. माझ्यासारख्याच कुणी हा व्याप अंगावर घ्यायचे ठरवले असेल, तर कामे कोणत्या क्रमाने शिकावीत एवढेच मला येथे सांगायचे आहे, कारण माझा क्रम चुकला आणि त्या चुकीपायी एक अख्खे वर्ष वाया गेले.

पहिल्या उन्हाळ्यात मी आतल्या खोलीचे सागवान घासून त्याला वॉर्निशचे सहा हात दिले. पाहुणे कौतुक करून गेले. नोव्हेंबरात सिअॅटलचा तो बारीक, न थांबणारा पाऊस सुरू झाला आणि खिडकीखालच्या नव्या वॉर्निशवर काळे ओघळ उमटले. मी खिडकीच्या चौकटीभोवती सीलंट भरले. ओघळ थांबले नाहीत. आजोळी कोकणात मृगाच्या आधी घर शाकारायला येणारे बाबू गडी सांगत, की थेंब जेथे पडतो तेथले कौल फुटलेले नसते, पाणी वाशावरून चालत येते. हे लहानपणापासून ऐकलेले असूनही ते या बोटीवर लागू पडेल असे मला वाटले नव्हते. माझ्या खिडकीतले पाणी प्रत्यक्षात चार फूट पुढे, डेकच्या एका स्क्रूमधून शिरत होते.

त्या काळातल्या अशा बोटींवर सागवानी पट्ट्या फायबरग्लासच्या डेकवर स्क्रूने आवळलेल्या असत. डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बसवलेला लाकडाचा गाभा, आणि प्रत्येक स्क्रू वरच्या थराला भोक पाडून त्या गाभ्यात उतरतो. स्क्रूच्या डोक्यावर सागवानाचीच छोटी गोल गुडदी बसवलेली असते. चाळीस-पन्नास वर्षे पाय पडून आणि घासून पट्ट्या झिजतात, गुडद्या पातळ होऊन निघतात आणि पाण्याला वाट मिळते. माझ्या डेकवर अशा दीड हजाराहून अधिक गुडद्या आहेत. त्या मी एका रविवारी ओणवे होऊन मोजल्या आणि मग दोन दिवस कंबर धरून बसलो.

गाभा कोठे कुजला आहे हे शोधण्याचे साधन अगदी स्वस्त आहे. प्लॅस्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घेऊन वीतवीतभर अंतरावर ठोकत जावे. निरोगी डेक टणक, खणखणीत उत्तर देतो. ओल्या गाभ्यावर तोच आवाज बसतो, भिजलेल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. बद्द आवाजाच्या जागा खडूने गोल करून घ्याव्यात. अशाच एका वर्तुळातली गुडदी मी छिन्नीने काढली, स्क्रू उलटा फिरवला, आणि त्याच्या पाठोपाठ चहाच्या रंगाचे पाणी भोकातून वर आले. त्या दिवशी पाऊस नव्हता. ते पाणी केव्हापासून आत मुरले होते कुणास ठाऊक.

जेथे गाभा फक्त दमट असतो, तेथे स्क्रू काढून भोक मोठे करावे, आठवडेच्या आठवडे ताडपत्रीखाली सुकू द्यावे, इपॉक्सीने, म्हणजे दोन द्रव कालवले की घट्ट होणाऱ्या राळेने, भरावे आणि मग त्या भरावातच नवे, आखूड भोक पाडून स्क्रू व गुडदी पुन्हा बसवावी. जेथे लाकडाचा भुगा झाला आहे, तेथे वरचा थर कापून, गाभा खरवडून नवा घालण्यावाचून इलाज नाही; असे तीन तुकडे मी केले आणि तिसरा तेवढा पाहण्यासारखा झाला. इपॉक्सीबाबत दोन गोष्टी सांगून ठेवतो. घट्ट होताना ती स्वतःच तापते, म्हणून खोल भांड्यात मोठे मिश्रण करून ठेवू नये. मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात अर्धा लिटर कालवली आणि फोन घ्यायला आत गेलो. परत आलो तर डबा वितळून वाकडा झाला होता आणि त्यातून धूर निघत होता. थोडे थोडे कालवावे आणि लगेच पसरट ताटलीत ओतावे. दुसरे म्हणजे थंडीत ती नीट आवळत नाही आणि दमट हवेत तिच्यावर मेणचट थर येतो, तो घासण्यापूर्वी पाण्याने धुवावा लागतो. न धुता घासला तर तोच थर आत रगडला जातो आणि पुढचा हात धरत नाही.

वरून येणारे पाणी लाकूड कुजवते. खालून येणारे बोट बुडवते. म्हणून खरे तर डेकच्याही आधी तळाकडे पाहायला हवे होते. इंजिनाला थंड पाणी घेण्यासाठी, मोरीसाठी, शौचालयासाठी पाण्याखाली भोके असतात आणि प्रत्येकावर बंद करता येणारा झडपेचा नळ असतो. तो प्रत्येक नळ हाताने फिरतो की नाही हे पहिल्याच दिवशी पाहावे. माझ्या आठांपैकी दोन जाम होते आणि एक तर घरगुती पितळी नळ निघाला. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबे उरते. दिसायला नळ शाबूत, पण हातोडीच्या हलक्या टोल्याने त्याचा तुकडा माझ्या हातात आला. तेथे काशाचा नळ हवा, आणि प्रत्येक नळाशेजारी दोरीने बांधलेला मऊ लाकडाचा निमुळता बूच हवा. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट (दांडा) जेथून बाहेर जातो तेथल्या दोरीच्या पॅकिंगमधून मात्र चालताना मिनिटाला काही थेंब पडायलाच हवेत. नवखा माणूस गळती समजून तेथली नट घट्ट आवळत जातो आणि मग शाफ्ट तापतो.

इंजिनाची मला सर्वांत भीती होती आणि त्यानेच सर्वांत कमी त्रास दिला. आमचे फोर्ड लेहमन 120 आहे : सहा सिलिंडर, 120 अश्वशक्ती, फोर्डच्या साध्या डिझेल इंजिनाचे समुद्री रूप. तेल, गाळण्या आणि बाहेरचे पाणी खेचणाऱ्या पंपातले रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चाक, वेळेवर बदलले, की ते निमूट चालते. इम्पेलरचे एखादे पाते तुटलेले आढळले, तर तो तुकडा शोधून काढल्याशिवाय झाकण लावू नये, कारण तो पुढच्या नळीत अडकून इंजिन तापवतो. या इंजिनाच्या सिम्स इंजेक्शन पंपाचे, म्हणजे सिलिंडरांत डिझेल सोडणाऱ्या पंपाचे, तेल वेगळे असते आणि ते दर 50 तासांनी बदलायचे असते. हे मला शेजारच्या धक्क्यावरच्या एका निवृत्त मच्छीमाराने सांगितले, नाहीतर मी इंजिनाचे तेल बदलून समाधानात राहिलो असतो.

विजेचे काम शिकताना मात्र हात आखडता घ्यावा. बारा व्होल्टची बाजू, म्हणजे दिवे, पंप आणि बॅटऱ्या, स्वतः करावी. त्यासाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरावी. किनाऱ्यावरून येणारी 120 व्होल्टची बाजू प्रशिक्षित माणसाकडूनच तपासून घ्यावी. लेक युनियनसारख्या गोड्या पाण्यात बोटीतून गळणारा प्रवाह पोहणाऱ्याच्या शरीरातून जातो आणि माणूस बुडतो, म्हणून धक्क्याजवळ आम्ही मुलांना कधीही पाण्यात उतरू देत नाही.

लेक युनियनमधून समुद्रात जायचे म्हणजे 1917 साली खुल्या झालेल्या बॅलर्डच्या जलपाशातून, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी खाली-वर नेणाऱ्या दारांच्या हौदातून, उतरावे लागते, आणि आमची बोट दोन्ही पाण्यांत राहते. तळाला लावलेले जस्ताचे बळी, जे स्वतः झिजून पंखा-शाफ्ट वाचवतात, गोड्या पाण्यात कवच धरून निकामी होतात. म्हणून आम्ही अॅल्युमिनियमचे लावतो. तळ रंगवण्यासाठी बोट वर काढायची, तर मालकाला स्वतः काम करू देणारी गोदी आधी शोधावी, कारण सगळीकडे ती मुभा नसते. आम्ही पोर्ट टाऊनसेंडला जातो. तेथे जुना रंग घासताना धूळ ओढणारे यंत्र जोडावेच लागते, आणि ते योग्यच आहे, कारण त्या रंगात तांबे असते.

खर्चाबद्दल एकच. वर्षाला बोटीच्या किमतीच्या दहा टक्के धरावेत असे सांगतात. जुन्या बोटीला हा हिशेब लावू नये. बोट स्वस्तात मिळाली म्हणून नवा पंप स्वस्त होत नाही. खरेदीपूर्वी बोट तपासणाऱ्या स्वतंत्र सर्वेक्षकाला पैसे देताना मला जड गेले होते. आज त्याने लिहिलेल्या यादीवरूनच मी कामे उरकतो आहे.

डाव्या बाजूचा डेक पुरा झाला आहे. उजवीकडच्या साधारण सहाशे गुडद्या उरल्या आहेत आणि त्यांच्या खालच्या खिडकीत अजून एक बोटभर ओल दिसते. पाऊस लागला की मी टॉर्च घेऊन तेथे जातो आणि ती कोठपर्यंत आली यावर पेन्सिलीने तारीख टाकतो. वॉर्निशचा नवा डबा तोवर कपाटात, झाकण न उघडता, पडून आहे.