पेट्रोल इंजिनाचे कसरती विमान: जुळणी आणि समतोलाचा अनुभव

माझे पहिले पेट्रोल इंजिनाचे, रेडिओने चालणारे मॉडेल विमान ‘एक्स्ट्रा ३००’ या कसरती विमानाची प्रतिकृती होते. पंखांचा विस्तार २.२ मीटर, इंजिन ५५ सीसीचे आणि रिकाम्या टाकीसह वजन साडेसात किलो. त्याआधी उडवलेल्या लहान विद्युत विमानांत बॅटरी थोडी मागेपुढे केली की गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर विमान तोलले जाते तो) जुळत असे. त्या सवयीने मी या विमानातही सोयीची जागा पाहून सर्व भाग पक्के केले आणि समतोल अखेरीस तपासला. रिसिव्हरची (रेडिओ संदेश घेणाऱ्या उपकरणाची) बॅटरी पंखामागे बसवली होती आणि गुरुत्वमध्य १६ मिलिमीटर मागे येऊन विमान शेपटीकडे जड निघाले.

तेव्हा मी इंजिनाजवळ सुमारे २२५ ग्रॅम शिसे लावले. खरे तर ३०० ग्रॅमची तीच बॅटरी ४० सेंटीमीटर पुढे नेली असती, तर ३०० गुणिले ४० भागिले ७,५०० या हिशेबाने गुरुत्वमध्य नेमका १.६ सेंटीमीटर पुढे आला असता. पुढे मी तेच केले आणि शिसे काढून टाकले. म्हणून नवोदितांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, कोणताही स्क्रू आवळण्यापूर्वी इंजिन, प्रॉपेलर, कॅनोपी (कॉकपिटचे झाकण), मफलर, सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) असे सर्व भाग जागेवर ठेवून, टाकी रिकामी असताना, उत्पादकाने दिलेल्या खुणेवर विमान तोलून पाहावे आणि मगच बॅटऱ्यांची जागा ठरवावी. टाकी शक्य तितकी गुरुत्वमध्यावरच असावी. ५०० मिलिलिटर पेट्रोलचे वजन सुमारे ३७० ग्रॅम भरते, त्यामुळे टाकी १० सेंटीमीटर पुढे असली तरी भरलेल्या आणि रिकाम्या विमानात जवळजवळ ५ मिलिमीटरचा फरक पडतो.

आडवा समतोलही पाहावा. स्पिनर (प्रॉपेलरच्या मध्यावरची टोपी) आणि शेपटीचे टोक धरून विमान उचलले असता जो पंख खाली जातो, त्याच्या विरुद्ध पंखाच्या टोकाला थोडे वजन लावावे.

इग्निशनचा (इंजिनात ठिणगी पाडणारा) संच रिसिव्हरपासून किमान ३० सेंटीमीटर दूर ठेवावा, त्याला स्वतंत्र स्विच द्यावा आणि तो बंद असल्याची खात्री केल्याशिवाय प्रॉपेलरला हात लावू नये; या बाबतीत मी कोणतीही सवलत मान्य करत नाही. सर्व्होचा हात मध्यस्थितीत त्याला जोडलेल्या दांड्याशी काटकोनात यावा, हातातल्या ट्रान्समीटरवरची दुरुस्ती त्यानंतर करावी. एलिव्हेटरचे (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीचे) दोन्ही भाग सारखे हलत नसतील, तर लूप (हवेतले उभे वर्तुळ) घेताना विमान एका बाजूला कलते. आपल्याकडील पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषते, म्हणून उड्डाणे संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

जमिनीवरचा तोल हा आरंभ असतो, खरी परीक्षा हवेत होते. पुरेशा उंचीवर ४५ अंशांच्या चढावर विमान उलटे करून ट्रान्समीटरवरची एलिव्हेटरची कांडी सोडावी. नाक वेगाने जमिनीकडे वळले तर ते पुढे जड आहे, आणि आणखी वर चढू लागले तर मागे जड आहे. काही अंतर सरळ जाऊन ते सावकाश खाली वळावे. माझे विमान पहिल्या दोन उड्डाणांत लवकर खाली वळत होते. बॅटरी ५ सेंटीमीटर मागे घेतल्यावर गुरुत्वमध्य २ मिलिमीटर मागे आला आणि तिसऱ्या उड्डाणात रेषा जवळजवळ सरळ राहिली. तेव्हा बॅटरीच्या कडेशी लाकडावर पेन्सिलीने केलेली खूण आजही तशीच आहे.