पालिकेत काम करताय? सेफ्टी ट्रेनिंग आणि स्वयंसेवेच्या कामात या चुका टाळा

पावसाळ्याच्या तोंडावर एका ड्रेनेज चौकीत कामगारांना ट्रेनिंग द्यायला गेलो होतो. म्हटलं आधी तुमचा गॅस डिटेक्टर, म्हणजे गटारातला वायू मोजणारं मशीन, दाखवा. कपाटाची किल्ली सापडेपर्यंत वीस मिनिटं गेली, मग मशीन निघालं ते बॉक्सातच, स्क्रीनवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही आणि बॅटरी पूर्ण उतरलेली. रजिस्टरमध्ये मात्र आदल्या वर्षीची नोंद होती, 'गॅस डिटेक्टरचे प्रात्यक्षिक', आणि खाली अठरा सह्या. त्यातल्या एका दादांना विचारलं, हे कधी हातात घेतलंय का? ते म्हणाले, "साहेब, मोबाईलवर फोटो दाखवला होता."

त्या दिवसापासून मी ट्रेनिंगची पद्धतच बदलली, आणि इथे लिहितोय ते सगळं त्यातूनच आलंय. महापालिका, नगरपालिका कुठलीही असो, चुका साधारण सारख्याच आहेत, म्हणून सफाई, ड्रेनेज, वॉर्ड ऑफिस, सगळ्यांसाठी एकत्रच लिहितो.

सही झाली म्हणजे ट्रेनिंग झालं असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या अर्ध्या यातूनच निघतात. हॉलमध्ये शंभर माणसं बसवायची, इंग्रजी स्लाइड लावायच्या, चहा-बिस्किट, सही, फोटो, संपलं. यात माणसाच्या हातात काहीच जात नाही. आता मी एका वेळी आठ-दहाच माणसं घेतो आणि चौकीवरच घेतो, कारण काम तिथे आहे आणि सामानही तिथेच आहे. प्रत्येकाने डिटेक्टर स्वतः चालू करायचा, आधी मोकळ्या हवेत बघायचं, ऑक्सिजन २०.९ दाखवतोय ना, मग दोरीला बांधून मॅनहोलमध्ये सोडायचा. नुसता तोंडाशी धरून चालत नाही, वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी थांबवायचा आणि प्रत्येक ठिकाणी एक-दोन मिनिटं द्यायची, सेन्सरला तेवढा वेळ लागतो. मिथेन हलका, तो वर साचतो, हायड्रोजन सल्फाइड जड, तो खाली बसतो, म्हणून एकाच ठिकाणचं रीडिंग घेतलं तर फसगत होते. ऑक्सिजन १९.५ च्या खाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) वर किंवा ज्वलनशील वायू एलईएलच्या (हवेत जेवढा वायू झाला की भडका उडू शकतो ती किमान पातळी) १० टक्क्यांच्या वर, यातलं एकही दिसलं की कुणी जवळ वाकायचंसुद्धा नाही. हे तीन आकडे मी चौकीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतो, कागद पावसाळ्यात टिकत नाही.

आणि डिटेक्टर कपाटात ठेवू नका! त्या चौकीत आता तो हजेरीच्या टेबलाशेजारी खिळ्याला चार्जिंगला लटकलेला असतो, मुकादम सकाळी हजेरी घेता घेता त्याचा दिवा बघतात.

वास येत नाही म्हणजे गॅस नाही

जुनी जाणती माणसं सुद्धा हे बोलतात आणि मला खरंच धडकी भरते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो हे बरोबर, पण प्रमाण वाढून १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं, वास यायचा बंद होतो. म्हणजे आधी वास येत होता आणि आता येत नाही, तर गॅस गेला असं नाही, उलट वाढलेला असू शकतो. काडी पेटवून किंवा कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे ती तर आजच बंद करा, आत मिथेन असला तर भडका उडतो.

तोंडाला रुमाल, कापडी मास्क, अगदी फिल्टरवाला मास्कसुद्धा इथे उपयोगाचा नाही, कारण आत ऑक्सिजनच कमी असेल तर मास्क गाळणार काय. बाहेरून हवा देणारा पाइप नाहीतर पाठीवरचा श्वसनसंच, दुसरा इलाज नाही. वरचं आणि खालचं अशी बाजूची दोन्ही मॅनहोलची झाकणं निदान तासभर आधी उघडून हवा खेळू द्यायची हे माहीत सगळ्यांना असतं, पण ट्रॅफिकचं कारण सांगून तेवढं थांबत नाहीत. थांबा. बॅरिकेड लावा आणि थांबा, गाड्या वळून जातील.

"उतर रे पटकन, दोन मिनिटांचं काम आहे"

मुळात माणसाने उतरायचंच नाही, जेटिंग आणि सक्शनच्या (पाण्याचा जोराचा फवारा मारून गाळ सोडवणाऱ्या आणि ओढून घेणाऱ्या) गाडीने काम करायचं, हा कायदा आहे. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा जो कायदा आहे त्यात गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करून घेणं हाच गुन्हा धरलाय, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मशीनने होतच नाही अशी अगदी अपवादात्मक वेळ आली तर कारण लिहून वरिष्ठांची लेखी परवानगी लागते, पूर्ण साधनं लागतात, जागेवर कमीत कमी तीन माणसं आणि त्यातला एक पर्यवेक्षक असावाच लागतो. तोंडी "उतर" म्हणणं यात कुठेच बसत नाही.

कंत्राटी माणसांना वाटतं हे फक्त परमनंटवाल्यांसाठी आहे. नाही, कायदा ठेकेदारालाही लागू आहे आणि ठेकेदाराकडून काम करून घेणाऱ्यालाही. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारात मृत्यू झाल्यास भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण हा आकडा मी ट्रेनिंगमध्ये सांगतो तेव्हा साहेब लोक वहीत टिपून घेतात आणि कामगार गप्प बसून असतात, त्यांच्या डोळ्यांपुढे घरची माणसं असतात. म्हणून त्यांना वेगळं सांगतो, दादा, साधन नसेल तर "मी उतरणार नाही" म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि हे वाक्य मी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेतो. पहिल्यांदा म्हणताना माणसं लाजतात, इकडेतिकडे बघतात, पण तोंडातून एकदा निघालेलं वाक्य वेळेला पटकन येतं. सोसायटी किंवा कुणीही खाजगी माणूस कामगाराला सेप्टिक टाकीत उतरवताना दिसला तर १४४२० ही हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेवा.

आत पडलेल्याला काढायला उडी मारणं

बातम्या नीट वाचा, टाकीत मरण पावलेले बऱ्याचदा दोन किंवा तीन असतात. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा जातो, त्याच्या मागे तिसरा, कधी बाप-मुलगा तर कधी दोघं भाऊ. मन आवरत नाही हे मला कळतं, समोर आपला माणूस पडलाय आणि उभं राहायचं हे फार अवघड आहे, पण तुम्ही आत गेलात तर त्याला बाहेर काढणारं वर कुणीच राहत नाही. म्हणून तयारी आधीच करायची, उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस (खांद्या-मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि दोरीचं दुसरं टोक वर तीन पायांच्या ट्रायपॉडला, म्हणजे काही झालं तर वरूनच ओढता येतं. दोरी नुसती कमरेला बांधू नका, बेशुद्ध माणूस दुमडतो आणि तोंडाशी अडकतो. आणि काही झालंच तर पहिला फोन १०१ किंवा ११२ ला, सुपरवायझरला नंतर.

पहाटेच्या झाडूवाल्यांकडे दुर्लक्ष

सेफ्टी म्हटलं की सगळे ड्रेनेजवर बोलतात, रस्ता झाडणाऱ्या मावश्यांचं कुणी बोलत नाही. पहाटे अंधार असतो, गाड्या मोकळ्या रस्त्याने सुसाट येतात. रिफ्लेक्टर जॅकेट मिळालेलं असतं पण साहेबांची पाहणी असेल त्या दिवशी घालायचं म्हणून घडी करून ठेवलेलं, नाहीतर मळून पट्ट्या काळ्या झालेल्या, मग त्या चमकणार कशा. एकदा रात्री मोबाईलचा टॉर्च मारून बघा, पट्टी चमकली नाही तर जॅकेट बदलून मागा. आणि झाडताना तोंड येणाऱ्या गाड्यांकडे हवं, पाठ नको, एवढी एक सवय लागली तरी खूप आहे. जॅकेट एकाच मापाचं येतं आणि बायकांना ढगळ होतं, कामात अडकतं म्हणून त्या घालत नाहीत, हे मला एका मावशींनी सांगितलं तेव्हा कुठे लक्षात आलं. माप विचारून मागवा!

वॉर्ड ऑफिसातलं मॉकड्रिल

दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो, १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले कितीतरी जवान गेले, त्यांच्या आठवणीत. त्या सप्ताहात ड्रिल होतं, पण आदल्या दिवशीच कळवलेलं असतं की अकरा वाजता घंटा होणार. मग साहेब केबिनमध्येच बसतात, खिडकीवर लाइन तशीच चालू राहते आणि शिपाई तेवढे खाली जाऊन उभे राहतात. घंटेची वेळ सांगू नका, आणि नागरी सुविधा केंद्रात दाखल्यासाठी आलेल्या लोकांना बाहेर कोण नेणार ते आधी नावानिशी ठरवा. त्यांना मागचा जिना माहीत नसतो, त्यात म्हातारी माणसं असतात, कडेवर मूल घेतलेल्या बायका असतात.

मागच्या जिन्याचं बोलायचं तर तिथे रेकॉर्डचे गठ्ठे असतात, असतातच. फायर सिलिंडर सुद्धा बऱ्याचदा त्याच गठ्ठ्यांमागे. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का बघा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलिंडरला काटाच नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो, त्यामुळे 'बाहेरून चांगला दिसतोय' याला अर्थ नाही. वापरताना आधी विजेचा मेन बंद, मग पिन ओढायची, नळी ज्वाळेवर नको तर ज्वाळेच्या बुडाशी धरायची आणि झाडू मारल्यासारखी इकडून तिकडे फिरवायची. सीओटूच्या भोंग्याला हात लावू नका, इतका थंड पडतो की कातडी चिकटते. छोटा सिलिंडर काही सेकंदांतच संपतो, म्हणून आग लहान असेल आणि बाहेरची वाट तुमच्या पाठीशी असेल तरच प्रयत्न करा, नाहीतर सरळ बाहेर पडा.

परिपत्रक ग्रुपवर टाकलं, काम झालं

परिपत्रकाचा तिरका फोटो, त्यावर अंगठ्याची सावली, खाली पस्तीस जणांचे नमस्काराचे इमोजी. वाचलं किती जणांनी? कंत्राटी आणि बदली कामगार ग्रुपमध्येच नसतात, कित्येकांकडे साधा फोन असतो. सकाळच्या हजेरीला पाच मिनिटं द्या आणि वाचून दाखवा, साध्या मराठीत, मग एखाद्याला विचारा काय कळलं ते तुमच्या शब्दात सांगा. तो अडखळला तर आपण नीट सांगितलेलं नाही एवढं समजायचं, त्याला ओरडायचं नाही. आणि कुठलंही परिपत्रक पुढे ढकलण्याआधी तारीख आणि जावक क्रमांक बघा, दोन-तीन वर्षांपूर्वीचं परत फिरत असतं आणि लोक चुकीच्या तारखेला चुकीच्या हॉलवर जाऊन उभे राहतात, एका दिवसाची हजेरी बुडते.

थोडक्यात टळलेला अपघात लपवणं

शिडी सरकली पण पडला नाही, झाकण पायावर आलं पण गमबूट होता, असं रोज काहीतरी होतं आणि कुणी सांगत नाही, कारण सांगितलं की मेमो. मीच एका ठिकाणी बघितलंय, मुलाने प्रामाणिकपणे सांगितलं की शिडीची पायरी ढिली आहे, तर त्यालाच कारणे दाखवा नोटीस. त्यानंतर त्या चौकीतून वर्षभर एकही गोष्ट वर आली नाही आणि कागदावर ती चौकी सगळ्यात सुरक्षित दिसत होती. अधिकाऱ्यांना हात जोडून सांगतो, सांगणाऱ्याला शिक्षा करू नका. चौकीत एक साधी वही ठेवा, नाव न लिहिता लिहू द्या आणि आठवड्यातून एकदा त्यातली एक तरी गोष्ट दुरुस्त करून त्या पानावर 'झालं' असं लिहा, माणसं आपोआप लिहायला लागतात.

सेवेला जाताना तयारी न करता जाणं

पालिकेची माणसं मदतीला धावतात याचा मला फार अभिमान आहे. जुलै २०२१ मध्ये महाड, चिपळूणला पूर आला तेव्हा मुंबई, ठाणे, नवी मुंबईकडची पथकं चिखल काढायला गेली होती. पण उत्साहात लोक चपलांवर निघतात. पुराच्या पाण्यात उंदराचं मूत्र मिसळलेलं असतं, पायाला साधी चीर असली तरी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होऊ शकतो. गमबूट घाला, जखम झाकून घ्या, आणि तसल्या पाण्यात चाललात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, प्रतिबंधक गोळी कुणाला किती ते डॉक्टर ठरवतात, गरोदर बाईसाठी औषध वेगळं असतं, म्हणून एकाची गोळी दुसऱ्याने घेऊ नये. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय तेही आठवून जा. आणि निघायच्या आधी लेखी घ्या की हे ड्युटी धरणार का रजा, कारण तिथे काही लागलं-खुपलं तर पहिला प्रश्न तोच येतो. ज्यांना हे काम नेहमी करायचंय त्यांनी 'आपदा मित्र' म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं बारा दिवसांचं ट्रेनिंग असतं त्याची चौकशी जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडे करावी.

"प्रत्येक खात्यातून दहा नावं द्या" असं सांगून सक्तीने स्वयंसेवक गोळा करू नका, तो माणूस येतो आणि कोपऱ्यात उभा राहतो.

रक्तदान शिबिरात दरवेळी दिसणारी चूक म्हणजे नाइट शिफ्ट करून, झोप न घेता, नुसत्या चहावर येऊन रक्त देणं. आदल्या रात्री झोप आणि पोटात नाश्ता हवाच. पुरुषांनी दोन वेळांमध्ये ९० दिवस आणि बायकांनी १२० दिवस ठेवायचे, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ तरी पाहिजे. यात बसत नसाल तर नाव लिहिण्याचं, पाणी वाटण्याचं काम घ्या, तेही लागतंच. आणि मुकादमांनो, ज्याने सकाळी रक्त दिलंय त्याला त्या दिवशी झाडाच्या फांद्या तोडायला शिडीवर किंवा दिव्याच्या खांबावर चढवू नका, जमिनीवरचं काम द्या.